रक्तातल्या पेशींमधले हॉर्मोन-रिसेप्टर: आधी पेशी ठरवा, मग मोजा

प्रश्न बडोद्याहून आला आहे. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी रुमॅटॉइड संधिवाताचे २० रुग्ण आणि २० निरोगी माणसे यांच्या रक्तपेशींमधला कॉर्टिसॉल या हॉर्मोनाचा रिसेप्टर (हॉर्मोन ज्याला चिकटते ते प्रथिन) मोजायचा आहे. पहिल्याच फेरीत तीन अडचणी आल्या. फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा प्रकाश मोजणारे यंत्र) मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, कुठल्याही अँटिबॉडीला चमकतात. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) एका पट्टीच्या जागी चार-पाच दिसतात. आणि एकाच माणसाचे दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत. जोडीला दोन उपप्रश्न आहेत: रक्तपेशींत आणखी कुठल्या हॉर्मोनांचे रिसेप्टर असतात? आणि घरात मावशींना प्रेडनिसोलोन सुरू केल्यावर पांढऱ्या पेशी ७,८०० वरून १४,६०० झाल्या, तर तो जंतुसंसर्ग समजायचा का?

तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. ‘रक्तपेशींमधला रिसेप्टर’ अशी एक गोष्ट नसते. कुठली पेशी, किती वाजता काढलेली, आणि रिसेप्टर तिच्या पृष्ठभागावर की आत, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय आलेल्या आकड्याला अर्थ नाही.

हे या क्षेत्राला फार पूर्वी कळून चुकले आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रक्तातून वेगळ्या केलेल्या एककेंद्रकी पेशींना (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट) किरणोत्सारी इन्सुलिन चिकटते हे दिसले आणि लिम्फोसाइटवर इन्सुलिन रिसेप्टर आहेत असे मानले गेले, कारण त्या मिश्रणात बहुसंख्य लिम्फोसाइटच असतात. १९७५ मध्ये दाखवून दिले गेले की इन्सुलिन धरणाऱ्या पेशी त्या मिश्रणातले थोडेसे मोनोसाइट होते. विश्रांतीतल्या टी पेशींवर इन्सुलिन रिसेप्टर जवळजवळ नसतात. पेशी उद्दीपित झाली की ते येतात. म्हणजे बहुसंख्य पेशींच्या नावावर अल्पसंख्य पेशींचा आकडा खपला होता. तुमच्या कामात हेच होऊ शकते, म्हणून एक हिशेब करून पाहा. समजा लिम्फोसाइटमध्ये रिसेप्टर १ एकक आहे आणि मोनोसाइटमध्ये २. मोनोसाइट १० टक्के असतील तर मिश्रणाची सरासरी १.१ येते, ३० टक्के असतील तर १.३. फरक १८ टक्के झाला, आणि एकाही पेशीतला रिसेप्टर बदललेला नाही. संधिवाताच्या रुग्णांत मोनोसाइटचे प्रमाण निरोगी माणसांइतकेच असेल असे गृहीत धरता येत नाही. सगळ्या पेशी एकत्र फोडून केलेला वेस्टर्न ब्लॉट किंवा क्यू-पीसीआर (आरएनए मोजण्याची चाचणी) हा फरक कधीच सांगणार नाही. म्हणून तुमच्या प्रबंधाचे मुख्य माप फ्लो सायटोमेट्रीच असू द्या आणि ब्लॉट फक्त अँटिबॉडी खरी आहे का हे पाहण्यापुरता ठेवा.

आधी पहिला उपप्रश्न, म्हणजे कुठे काय असते.

कॉर्टिसॉलचा रिसेप्टर, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर किंवा जीआर, केंद्रक असलेल्या सगळ्याच रक्तपेशींत असतो. तो पृष्ठभागावर नसून पेशीद्रवात, एचएसपी९० आणि एफकेबीपी५ यांसारख्या प्रथिनांच्या संगतीत बसलेला असतो. कॉर्टिसॉल चिकटले की संगत सोडून केंद्रकात जातो. त्याचे जनुक एनआर३सी१, पाचव्या गुणसूत्रावर. अल्फा रूपात ७७७ अमिनो आम्ले, बीटा रूपात ७४२. बीटा रूप कॉर्टिसॉल धरत नाही. तुमची अँटिबॉडी प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाविरुद्ध असेल तर ती दोन्ही रूपे एकत्र मोजते, आणि मग ‘रिसेप्टर जास्त, तरी औषधाला प्रतिसाद कमी’ असे कोडे पडते. माहितीपत्रकात एपिटोप (प्रथिनाचा जो भाग अँटिबॉडी धरते तो) कुठला आहे हे आजच पाहा.

ॲड्रेनलिनचा बीटा-२ रिसेप्टर पृष्ठभागावर असतो, आणि त्याची घनता एनके पेशींवर सर्वाधिक, त्याखालोखाल सीडी८ पेशींवर, सीडी४ पेशींवर त्याहून कमी (तिन्ही लिम्फोसाइटचेच प्रकार). ही उतरंड नमुना घेताना फार महत्त्वाची ठरते. खाली त्यावर येतो. प्लेटलेटला केंद्रक नाही, तरी तिच्यावर ॲड्रेनलिनचा अल्फा-२ रिसेप्टर आहे, म्हणूनच ॲग्रिगेशनच्या (प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याच्या) तपासणीत ॲड्रेनलिन वापरतात.

जीवनसत्त्व ड हेही कार्याने हॉर्मोनच. त्याचा रिसेप्टर मोनोसाइटमध्ये कायम असतो. विश्रांतीतल्या टी पेशींत अगदी कमी, उद्दीपित टी पेशींत भरपूर, हे १९८३ मध्ये दाखवले गेले. आपल्याकडे याला व्यवहारात वजन आहे: क्षयरोग आणि सार्कॉइडोसिसमध्ये गाठींतले (ग्रॅन्युलोमातले) मॅक्रोफेज स्वतःच ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करतात, त्यावर मूत्रपिंडात असते तसे नियंत्रण नसते, आणि अशा रुग्णाला कॅल्शियम न तपासता ६०,००० युनिटच्या गोळ्या दिल्या तर रक्तातले कॅल्शियम चढू शकते.

इस्ट्रोजेनचे अल्फा आणि बीटा असे दोन्ही रिसेप्टर टी, बी आणि मोनोसाइटमध्ये नोंदवले गेले आहेत. बी पेशींत बीटा वरचढ, सीडी४ पेशींत अल्फा. पण बीटाबद्दलचे जुने निबंध जपून वाचा. २०१७ मध्ये बीटाविरुद्धच्या १३ अँटिबॉडी कसून तपासल्या गेल्या तेव्हा एकच कसोटीला उतरली. टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर परिपक्व लिम्फोसाइटमध्ये फार कमी. त्याचा रक्तावरचा ठळक परिणाम वेगळ्या वाटेने होतो. हेप्सिडिन (लोहाचे शोषण रोखणारे हॉर्मोन) घटते, एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारे हॉर्मोन) वाढते, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) चढतो, आणि तो ५४ टक्क्यांवर गेला तर टेस्टोस्टेरॉनचे उपचार थांबवावे लागतात.

एरिथ्रोपोएटिनचा रिसेप्टर अस्थिमज्जेतल्या तांबड्या पेशींच्या पूर्वजांवर असतो. रक्तात फिरणाऱ्या परिपक्व तांबड्या पेशीवर तो उरत नाही. थ्रोम्बोपोएटिन या प्लेटलेट वाढवणाऱ्या हॉर्मोनाचा रिसेप्टर, म्हणजे सीडी११०, प्लेटलेटवर उरतो आणि काम करतो: प्लेटलेट हे हॉर्मोन शोषून घेतात, म्हणून त्या कमी झाल्या की ते रक्तात साचते आणि मज्जेला जोर मिळतो. वाढ-हॉर्मोनाच्या रिसेप्टरचा सुरुवातीचा अभ्यास तर आयएम-९ या मानवी लिम्फोसाइट वंशावरच झाला.

आता मावशींचा अहवाल, कारण तो जीआरच्या कामाचे सर्वांत सोपे प्रात्यक्षिक आहे. आपल्या न्यूट्रोफिलपैकी (पांढऱ्या पेशींतला सर्वांत मोठा गट) निम्म्याच्या आसपास रक्तवाहिन्यांच्या भिंतीला टेकून असतात आणि त्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) मोजल्या जात नाहीत. प्रेडनिसोलोनने त्यांच्यावरचा एल-सिलेक्टिन (भिंतीला धरून ठेवणारा रेणू) कमी होतो, त्या भिंत सोडून प्रवाहात येतात. मज्जेतूनही जास्त सुटतात आणि मरायला जास्त वेळ घेतात. त्याच वेळी लिम्फोसाइट रक्त सोडून मज्जेत जातात, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) शून्याकडे येतात, मोनोसाइट उतरतात. एका डोसनंतर ४ ते ६ तासांत हे सगळे टोकाला पोहोचते आणि लिम्फोसाइट साधारण २४ तासांत परततात. रोजचा डोस चालू असेल तर एकूण आकडा १४,००० ते २०,००० वर टिकूनही राहतो. एकच हॉर्मोन, एकच रिसेप्टर, पण न्यूट्रोफिलचे आयुष्य वाढते आणि इओसिनोफिलचे घटते. पेशी वेगळी झाली की अर्थ बदलतो, असे सुरुवातीला म्हटले ते याचसाठी.

तेव्हा १४,६०० हा आकडा एकटा काही सांगत नाही. वाढ सगळी परिपक्व न्यूट्रोफिलची आहे, इओसिनोफिल ० आणि लिम्फोसाइट कमी आहेत, मावशींना बरे वाटते आहे, तर हे औषधाचे चित्र आहे. स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तात) बँड पेशी, म्हणजे अपरिपक्व न्यूट्रोफिल, ६ टक्क्यांच्या वर, न्यूट्रोफिलमध्ये टॉक्सिक ग्रॅन्युल (गडद कण), सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) चढता, नवी खोकल्याची किंवा लघवीची तक्रार, असे काही असेल तर संसर्ग शोधलाच पाहिजे. ताप नाही यावर विसंबू नका, प्रेडनिसोलोन ताप झाकते. आणि अहवाल पाहून घाबरून गोळी घरच्या घरी बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त काळ घेतली असेल तर स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथी निजलेल्या असू शकतात. अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा, आणि स्मिअर एखाद्या पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहिलेला असावा. मशीनवरच्या आकड्यांत बँड आणि टॉक्सिक ग्रॅन्युल विश्वासाने कळत नाहीत.

रक्तपेशींकडून रिसेप्टरची साक्ष काढण्याची ही पद्धत जुनी आहे. १९४८ मध्ये थॉर्न या डॉक्टरांनी ॲड्रिनल ग्रंथीची चाचणी अशीच बसवली होती: २५ मिलिग्रॅम एसीटीएच (ॲड्रिनलला चालना देणारे हॉर्मोन) टोचायचे, ४ तासांनी इओसिनोफिल मोजायचे, निम्म्याने उतरले तर ग्रंथी शाबूत. आज लहान मुलांच्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात सात दिवस प्रेडनिसोलोन आणि पाठीच्या कण्यात मेथोट्रेक्सेटचा एक डोस देऊन आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व पेशी) मोजतात. मायक्रोलिटरमध्ये १,००० पेक्षा कमी असणे हा चांगला प्रतिसाद. रिसेप्टर किती आहेत हे न मोजता ते काम करतात का हे पाहिले जाते. तुमच्या प्रबंधातही हा भाग असावा असे मला ठामपणे वाटते. कसा, ते पुढे सांगतो.

आता नमुना. दोन दिवसांचे आकडे न जुळण्याचे कारण नव्वद टक्के इथेच असते.

कॉर्टिसॉल सकाळी ८ च्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी. रक्तातल्या नाइव्ह (अजून जंतूशी गाठ न पडलेल्या) टी पेशी त्याच्या उलट चालतात, रात्री जास्त आणि सकाळी कमी. म्हणून सगळे ४० नमुने सकाळी ८ ते ९ मध्येच घ्या. ‘दुपारी येतो’ म्हणणाऱ्या स्वयंसेवकाला नम्रपणे दुसऱ्या दिवशी बोलवा. रात्रपाळी करणारे नकोत. नवरात्रात आणि त्यानंतरचा एक आठवडा नमुने घेऊच नका: पहाटेपर्यंत गरबा खेळून नऊ रात्री जागलेल्या तरुणांचे घड्याळ सरकलेले असते, आणि निरोगी गट बहुधा त्याच वयाचा मिळतो.

दुसरे, हालचाल. कमाटीबागेत चार फेऱ्या मारून थेट आलेल्या किंवा तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून आलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रेनलिनने काही मिनिटांत एनके आणि सीडी८ पेशींची भर पडते, कारण बीटा-२ रिसेप्टर त्यांच्यावरच दाट आहेत. खुर्चीवर २० मिनिटे शांत बसवा, मगच सुई. इन्सुलिन रिसेप्टरही पाहायचे असतील तर उपाशीपोटी. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचा दिवस, गर्भनिरोधक गोळी आणि रजोनिवृत्ती यांची नोंद हवीच.

तिसरे, औषधे. प्रेडनिसोलोनची गोळी सगळे सांगतात. दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन, गोरेपणासाठी वापरायचे म्हणून दुकानातून आणलेले बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉलचे मलम, आणि ‘सांधेदुखीची पुडी’, ज्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसते, हे कुणी आपणहून सांगत नाही. प्रत्येक गोष्ट नाव घेऊन विचारा. बाहेरचे स्टिरॉइड पेशीतला जीआर स्वतःच खाली आणते. तसे असेल तर रुग्णांत रिसेप्टर कमी दिसणे हे आजाराचे कारण नसून उपचाराचा परिणाम असतो, आणि परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. म्हणून नव्याने निदान झालेले, अजून स्टिरॉइड न घेतलेले रुग्ण निवडा. २० मिळायला वेळ लागेल. १४ मिळाले तरी ते २० मिश्र रुग्णांपेक्षा मोलाचे.

नैतिक समितीची परवानगी आणि मराठी-गुजराती-हिंदी संमतिपत्रे रक्त काढण्याआधी हातात हवीत.

हेपरिनच्या ट्यूबमध्ये १० मिलिलिटर आणि ईडीटीएच्या ट्यूबमध्ये सीबीसीसाठी २ मिलिलिटर घ्या. ही सीबीसी त्याच नमुन्याची असायला हवी. बर्फ लावू नका: थंडीने प्लेटलेट चेतवल्या जातात आणि मोनोसाइटला चिकटतात. उलट मे महिन्यात गोत्रीहून फतेहगंजपर्यंत रिक्षात ट्यूब हातात धरून आणली तर रक्त चाळीस अंशांच्या आसपास तापते. थर्माकोलचा डबा, आत २० ते २२ अंशांवर ठेवलेल्या पाण्याच्या पिशव्या, आणि ४ तासांच्या आत काम सुरू. रक्तपेढीतला उरलेला बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) फुकट मिळतो म्हणून वापरू नका. रात्रभर ठेवलेल्या रक्तात न्यूट्रोफिल चेतून हलक्या होतात आणि एककेंद्रकी पेशींच्या थरात शिरतात.

वेगळे करताना: रक्त तितक्याच पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफरमध्ये) मिसळा. १५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये १.०७७ घनतेचे ४ मिलिलिटर फिकॉल (पेशी घनतेने वेगळ्या करणारा द्रव), त्यावर ट्यूब तिरपी धरून ८ मिलिलिटर मिश्रण हळूहळू सोडा. ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटे, १८ ते २० अंश, ब्रेक बंद. आरपीएम (मिनिटाला फेरे) दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका. ते रोटरच्या त्रिज्येवर ठरते. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ४०० जी म्हणजे सुमारे १,५०० आरपीएम, १० सेंटिमीटर असेल तर सुमारे १,९००. सेंट्रिफ्यूजला थंड करण्याची सोय नसेल तर उन्हाळ्यात एसीच्या खोलीत ठेवा आणि आधी रिकामा फिरवून आतले तापमान बघा. गरम असेल तर तांबड्या पेशींचे पुंजके मोठे होतात, त्यांत लिम्फोसाइट अडकून खाली जातात आणि पेशी कमी मिळतात. पांढरा थर काढून पहिली धुलाई ३०० जी, दुसरी २०० जी, प्रत्येकी १० मिनिटे; दुसरी हळू असते ती प्लेटलेट वर तरंगत राहाव्यात म्हणून. रक्ताच्या दर मिलिलिटरला १० ते २० लाख पेशी आणि ट्रायपॅन ब्लूने ९५ टक्क्यांवर जिवंत, इतके मिळाले तर हात बसला.

आता मोनोसाइट का चमकतात. तीन कारणे आहेत आणि तिन्ही एकाच वेळी असू शकतात. पहिले, मोनोसाइटवर सीडी६४ आणि सीडी३२ हे अँटिबॉडीची शेपटी धरणारे रिसेप्टर आहेत. तुमची अँटिबॉडी जीआरला चिकटली नसून त्यांना चिकटली असेल. दुसरे, मोनोसाइट स्वतःच जास्त प्रकाश देतात आणि फॉर्माल्डिहाइडने तो आणखी वाढतो. तिसरे, मेलेल्या पेशी काहीही धरतात. उपाय क्रमाने असा: १० लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये. प्रथिनविरहित पीबीएसमध्ये मृत पेशींचा रंग. मग मानवी आयजीजी किंवा १० टक्के मानवी सीरम, १० मिनिटे. मग सीडी३, सीडी१४, सीडी१९, सीडी५६, अंधारात ४ अंशांवर २० ते ३० मिनिटे. मग ताजे २ ते ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, १५ मिनिटे. मग पटल उघडणे.

इथे बहुतेकांची चूक होते. सायटोकाइनच्या किटमधले सॅपोनिन पेशीपटल उघडते, केंद्रकाचे पटल नीट उघडत नाही, आणि त्याचा परिणाम उलटता येतो. धुताना बफरमध्ये सॅपोनिन नसले की भोके बुजतात आणि न चिकटलेली अँटिबॉडी आतच राहते. जीआर सकाळच्या कॉर्टिसॉलने काही प्रमाणात केंद्रकात असताना तुम्ही फक्त पेशीद्रवातला मोजता. फॉक्सपी३ या केंद्रकातल्या प्रथिनासाठी मिळणारा बफर वापरा, किंवा बर्फगार ९० टक्के मिथेनॉल. मिथेनॉल वापरायचे तर पीई, एपीसी, पर्सीपी हे प्रथिनांपासून बनलेले रंग आधी लावून चालणार नाही, मिथेनॉल त्यांना मारते. पृष्ठभागासाठी अलेक्सा जातीचे रंग निवडा. आत उघडल्यावर मानवी आयजीजी पुन्हा एकदा द्या, कारण आता नव्या जागा उघड्या पडल्या आहेत.

अँटिबॉडी पुस्तकात दिली तितकी घालू नका. पाच-सहा पातळ्या करून एका निरोगी रक्तावर चालवा आणि जिथे खरा व खोटा प्रकाश यांतले अंतर सर्वांत मोठे, ती पातळी धरा. फार अँटिबॉडी हे ‘सगळेच पॉझिटिव्ह’ याचे चौथे कारण आहे. आयसोटाइप कंट्रोल (त्याच जातीची, पण जीआरला न धरणारी अँटिबॉडी) एकटा पुरत नाही. एक रंग वगळलेली नळी हवी, आणि सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे रिसेप्टर नसलेली पेशी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीवंशांपैकी जीआरसाठी ए५४९ ही पॉझिटिव्ह आणि कॉस-७ ही जवळजवळ निगेटिव्ह. इस्ट्रोजेन अल्फासाठी एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१, टेस्टोस्टेरॉनसाठी एलएनकॅप आणि पीसी-३. निगेटिव्ह पेशी चमकली तर अँटिबॉडी बदला. गेट (पेशी निवडण्याची सीमा) सरकवून चित्र सुंदर करू नका. एरिथ्रोपोएटिन रिसेप्टरच्या बाबतीत ही कसोटी न लावल्याची किंमत अनेक प्रयोगशाळांनी मोजली: ६६ किलोडाल्टनवरची (प्रथिनाच्या वजनाचे एकक) जी पट्टी लोक रिसेप्टर समजत होते तिच्यात एचएसपी७० हे भलतेच प्रथिन निघाले, खरा रिसेप्टर ५९ च्या आसपास असतो, आणि कर्कपेशींवर हा रिसेप्टर आहे असे सांगणारे कितीतरी निबंध त्यामुळे संशयात आले. २००६ मध्ये हे छापून आले, तरी ती अँटिबॉडी नंतरही वापरात राहिली.

तुमच्या ब्लॉटवरच्या चार-पाच पट्ट्यांकडे याच नजरेने बघा. ९४ ते ९७ किलोडाल्टनवर अल्फा, ९० च्या जवळ बीटा; आरएनएवरून प्रथिन बनणे वेगवेगळ्या ठिकाणी सुरू झाल्याने तयार होणारी आखूड रूपे खरी असतात. पण ५० ते ७० मधला धूसर पट्टा बहुधा तुटलेल्या प्रथिनाचा. न्यूट्रोफिलमध्ये प्रोटिएझ ठासून भरलेले असतात. थरात त्या थोड्या जरी आल्या असतील तर पेशी फोडताच ते रिसेप्टर कापू लागतात. प्रोटिएझ रोधकांचे मिश्रण आणि पीएमएसएफ बफरमध्ये आयत्या वेळी घाला, पाण्यात पीएमएसएफ फार टिकत नाही. किंवा पेशी थेट ९५ अंशांच्या एसडीएस बफरमध्ये फोडा. नळ्या बर्फावर ठेवून चहाला गेलात तर तेवढ्यात पट्टी वाढते.

यंत्रावर निदान २०,००० लिम्फोसाइट आणि २,००० मोनोसाइट गोळा करा. टक्के पॉझिटिव्ह देऊ नका. जीआर सगळ्याच पेशींत आहे, तेव्हा टक्केवारी निरर्थक. प्रत्येक पेशीवर्गाची मध्यक तीव्रता, त्यातून जीआरचा रंग वगळलेल्या नळीची वजा, इतके द्या. पीईचा रंग असेल तर मोजमापाच्या मण्यांवरून तीव्रतेचे रेणूंत रूपांतर करता येते, आणि मग दोन दिवसांची तुलना खऱ्या अर्थाने होते. साधा सायटोमीटर रिसेप्टर केंद्रकात आहे की बाहेर हे सांगत नाही. ते हवे असेल तर रक्त काढल्यावर लगेच फिक्स करून कॉन्फोकलखाली बघावे लागेल; धुण्यात कॉर्टिसॉल निघून गेले की जीआर जागा बदलतो.

रोज एक रुग्ण आणि एक निरोगी अशी जोडी लावा. आधी सगळे रुग्ण, मग सगळे निरोगी असे केले तर लेसरची आणि अँटिबॉडीच्या बाटलीची सरक आजार म्हणून दिसेल. सुरुवातीलाच एका दात्याच्या पेशी १० टक्के डीएमएसओ या द्रावकात तीस-चाळीस नळ्यांत गोठवून ठेवा आणि दर दिवशी एक नळी सोबत चालवा. तिचा आकडा १५ टक्क्यांहून जास्त हलला तर त्या दिवसाचे नमुने बाजूला ठेवा, आणि ही मर्यादा आधीच वहीत लिहून ठेवा, नंतर ठरवू नका.

आता कामगिरीची चाचणी. हेपरिनचे रक्त फिनॉल रेड (रंगद्रव्य) नसलेल्या आरपीएमआय या पोषकद्रवात दहापट पातळ करा. फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखे किंचित वागते, आणि साध्या सीरममध्ये गाईची स्वतःची हॉर्मोने असतात. म्हणून पेशी वाढवायच्या असतील तर कोळशाने स्वच्छ केलेले सीरम घ्या. डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टिरॉइडचे ३.९ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डीएमएसओमध्ये विरघळवले की १० मिलिमोलर साठा तयार. त्यातून ०, १, ३, १०, ३०, १०० आणि ३०० नॅनोमोलर अशा विहिरी, प्रत्येकीत डीएमएसओ तितकेच आणि ०.१ टक्क्याच्या आत. एका तासाने एलपीएस (पेशींना चेतवणारा जिवाणूंच्या आवरणाचा अंश) १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, १८ ते २४ तास. वरच्या द्रवात टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन एलायझाने (अँटिबॉडीवर आधारलेल्या चाचणीने) मोजा आणि ते निम्म्यावर आणणारी डेक्सामेथासोनची मात्रा काढा. डेक्सामेथासोन घेण्याचे कारण असे की कॉर्टिसॉल रक्तातल्या ट्रान्सकॉर्टिन या प्रथिनाला चिकटते आणि मोकळे किती उरले हे कळत नाही. डेक्सामेथासोन चिकटत नाही. टीएनएफ मुख्यतः मोनोसाइट बनवतात, म्हणून टीएनएफच्या आकड्याला त्याच नमुन्याच्या सीबीसीतल्या मोनोसाइटने भागा. सीबीसी त्याच नमुन्याची घ्यायला सांगितले होते ते यासाठी. शिवाय १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोनवर ३ तास ठेवलेल्या पेशींत एफकेबीपी५ आणि जीआयएलझेड या जीआरने चालू होणाऱ्या जनुकांचा आरएनए चढतो का तेही क्यू-पीसीआरने बघता येईल. तुलनेसाठी बीटा-ॲक्टिन एकटे घेऊ नका, पेशी चेतली की तेही हलते.

ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेल्या डेक्सामेथासोनची जुनी बंधन-चाचणी अजूनही सर्वांत स्वच्छ उत्तर देते, कारण ती काम करू शकणारेच रिसेप्टर मोजते. पण तिला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, वेगळी खोली आणि दर नळीला भरपूर पेशी लागतात. एम.एस्सी.च्या मुदतीत त्या वाटेला जाऊ नका.

४० नमुन्यांना हात लावण्याआधी तीन निरोगी माणसे घ्या आणि त्यांचे रक्त सकाळी ८ आणि रात्री ८ असे दोनदा काढा. रात्रीच्या सीबीसीत लिम्फोसाइट वाढलेले दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर तुमची वेळ किंवा मोजणी चुकते आहे. त्याच सहा नमुन्यांत प्रत्येक नळी तीनदा रंगवा. एकाच नमुन्याच्या तीन नळ्यांतला फरक १० टक्क्यांच्या आत आला की रुग्णांना बोलवायला सुरुवात करा. तोपर्यंत कमी पडते ती पिपेटची शिस्त, आणि चूक बहुधा धुतल्यावर नळीत उरणाऱ्या द्रवात सापडते: दर वेळी मोजून १०० मायक्रोलिटर ठेवा, अंदाजाने ओतू नका.